कुत्र्याआधी माझा घास

आमच्या घरचं कुत्रं मिठाचं खात नाही, कांद्याचं खात नाही, शिळं खात नाही आणि माझ्या नशिबानं मरतही नाही. कुत्रं सासऱ्यांचं. सासरे गेले आणि ते माझ्या गळ्यात पडलं.

सकाळी पांढरकवड्यातली शहाणी माणसं चहा पीत बसलेली असतात, तेव्हा मी गॅसवर त्याचा मऊ भात लावते. जनावरांच्या डॉक्टरनं सांगून ठेवलंय: भात, लाल भोपळा, कोंबडीची कलेजी, मीठ नको, तेल नको. भोपळा नीट कुसकरला गेला नाही तर पठ्ठ्या जिभेनं फोड वेगळी काढून फरशीवर ठेवतो. माझ्या पोरांनी असं केलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. बरं, एवढं करूनही ते लगेच तोंड लावत नाही. वाटीपुढं बसून माझ्याकडं बघत राहतं. त्यातला एक घास मी खाल्ला, की मगच खातं. तो अळणी गिचका मी रोज गिळते आणि मनातल्या मनात सासऱ्यांचा उद्धार करते.

कारण ही खोड त्यांनी लावली. मी त्यांच्या जेवणात काहीतरी कालवते, असा त्यांना संशय होता. ताट पुढं ठेवलं की म्हणायचे, "आधी तू खाय." भाजीतला एक घास, वरणभातातला एक घास मी उभ्यानं खायचे, ते माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मग जेवायचे. आजारपणात नव्हे, चांगले चालतेफिरते होते तेव्हापासून. कुत्रं त्यांच्या पायाशी बसून हे रोज पाहायचं. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. "म्हातारं माणूस हाये, सोडून दे. अन् बाईले सांगू नको," एवढंच म्हणायचा. बाई म्हणजे त्याची मोठी बहीण, कळंबला दिलेली. तिच्या लेखी बाप देवमाणूस. मी सांगितलं नाही, पण आतल्या आत जळत राहिले.

यंदा सासऱ्यांच्या पित्तराला, श्राद्धाच्या जेवणाला, बाई आली. कढी, वडे, खीर, गवारीची भाजी, सगळं मी एकटीनं केलं. पित्तराचा स्वयंपाक चाखून बघायचा नसतो. पितरांचा घास बाहेर ठेवून होईपर्यंत घरात कोणी तोंडात कण घालत नाही. कावळ्याचा घास छपरावर ठेवला, तो कावळ्यानं उचलला. गाईचा गाईनं खाल्ला. तिसरी पत्रावळ कुत्र्याची. भात, खीर, वर एक वडा. अंगणात त्याच्यापुढं ठेवली, तर ते बसलं आपलं माझ्याकडं बघत.

बाईनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "बाबाचा जीव अडकून हाये," ती जेवायला आलेल्या शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाली. "हिच्या हातचं नको हाये त्याईले. काय खाऊ घालतं वं तू या मुक्या जीवाले? आज हे कुत्रं माह्यासंग कळंबले येईन."

शेजारणींनी माना डोलावल्या. नवरा चपला शोधायला लागला. बाईच्या शेतावर ते साखळीला बांधलं जाणार, पुढ्यात कोरडी भाकर पडणार आणि हे हट्टी जनावर तिच्याकडं बघत बघत उपाशी मरणार, हे मला लख्ख दिसत होतं. ब्याद टळली, असं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. डोकंच फिरलं. बापानं मला छळलं ते छळलं, आता लेक माझं कुत्रं नेणार.

मी खाली बसले. पत्रावळीतला खीरभात कालवला आणि सगळ्यांसमोर एक घास खाल्ला. कुत्रं उठलं, वडा नाकानं बाजूला सारला आणि बाकीची पत्रावळ चाटूनपुसून साफ केली.

बाई ओरडली नाही. दबक्या आवाजात म्हणाली, "पित्तराचं उष्टं केलं तू. काहून?"

"तुमचे बाबा रोज मले पहिला घास खायले लावत होते, बाई. म्या विष कालवलं असन म्हणून. ह्या कुत्र्यानं तेवढंच पाह्यलं, तेवढंच शिकलं."

"आता पुरे," नवरा म्हणाला. पण हे खोटं आहे, असं तो म्हणाला नाही. बाई त्याच्या तोंडाकडं बघत थांबली होती. त्यानं मान खाली घातली.

पंगत बसली, मी वाढलं. कुत्र्याला न्यायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. सगळे जेवायला लागले, बाई मात्र हात मांडीवर ठेवून ताटाकडं बघत बसली. भूक नाही म्हणाली. शेवटी लेक कोणाची. मी कढीचं भांडं खाली ठेवलं, तिच्यासमोर बसले, तिच्या ताटातला वडा मोडून अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा परत तिच्या ताटात ठेवला.

"जेवा आता," म्हटलं.