साडभाऊंची तीन दुकानं

गोंदियातल्या सुपरमार्केटांबद्दल माझ्या थोरल्या साडभाऊंची जितकी कडक मतं होती, तितकी कडक मतं मी माणसांबद्दलही कुणाची ऐकलेली नाहीत. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. त्यातली थोरली, म्हणजे त्यांची, काही वर्षांपूर्वी गेली आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस घरात एकटाच राहू लागला. मुलगा पुण्याला. तो दर फोनवर म्हणायचा, बाबा, इकडे या. शेवटी तो एकदा घरी आला तेव्हा साडभाऊंनी त्याच्याशी तह केला. "ज्या दिवशी माझा किराणा मले आणता येणार नाही, त्या दिवशी बॅग भरतो. तोवर हा विषय बंद." मुलानं मान्य केलं, पण जाताना मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाला, "मावसाजी, रविवारी तुम्ही त्यांच्यासोबत जात जा आणि मला खरं काय ते सांगत जा." मी हो म्हणालो. माणूस मला आवडायचा म्हणून, आणि कुणालाही पटकन हो म्हणून टाकायची मला खोडच आहे म्हणूनही. त्या दिवसापासून मी त्यांचा सोबती झालो आणि त्यांच्यावरचा पहारेकरीही.

गावातली तीन दुकानं त्यांनी परीक्षेला बसवली होती. पहिलं बाजारातलं. ते मूळचं किराणा दुकान. शेठच्या मुलानं मधली भिंत पाडून त्याचं सुपरमार्केट केलं होतं, पण म्हातारा शेठ गल्ल्यावर तसाच बसलेला होता आणि हिंग-मिरचीचा वास फळ्यांतून तसाच येत होता. दुसरं बालाघाट रोडवरचं. तिथला एसी इतका जोरात असायचा की साडभाऊ भर मे महिन्यात मफलर गुंडाळून जायचे आणि बाहेर आल्यावर म्हणायचे, "मुडदाघर आहे बा. भाज्या ओळख पटवायले ठेवल्यासारख्या वाटते." तिसरं रिंग रोडवरचं, सगळ्यांत नवं, दुमजली. तिथं फरशी आरशासारखी, दिवे डोळ्यांत घुसणारे आणि दर महिन्याला मालाची जागा बदललेली. मागच्या वेळी साबण होता तिथं आज लोणचं. साडभाऊंनी तिथल्या मॅनेजरला एकदा विचारलं, "काऊन हो, तुमच्या घरी रोज वेगळ्या खोलीत सैपाक होते का?" मॅनेजर म्हणाला, "अंकल, कंपनी का प्लान है." साडभाऊ म्हणाले, "कंपनी को बोलो, आकर ढूँढ के दिखाए."

नवल असं की भाव हा त्यांच्या परीक्षेतला विषयच नव्हता. कुठं काय स्वस्त, हे त्यांना कधीच सांगता यायचं नाही. ते गुण द्यायचे फरशीला, दिव्यांना, वासाला आणि मालाची जागा न बदलण्याला. त्यामुळे बाजारातलं जुनाट दुकान कायम पहिलं यायचं आणि रिंग रोडवालं कायम नापास व्हायचं. तरीही दर रविवारी ते माझ्या स्कूटरवर मागं बसून तिन्हीकडे जायचे. "नापास पोरालेही परीक्षेले बसू द्यावं लागते," म्हणायचे.

आत शिरलं की पहिली गोष्ट ट्रॉली. काडेपेटी घ्यायची असली तरी ट्रॉली. रिकामी ट्रॉली पुढं ढकलत, दोन्ही हातांनी घट्ट धरून, ते असे चालायचे की जणू नांगर धरलाय. ती कुठं ना कुठं धडकायचीच, बिस्किटांच्या मनोऱ्याला, कुणाच्या पोटरीला. मग साडभाऊ त्या माणसालाच दटावायचे, की मधे उभं राहून काय विचार करते. पाकीट घ्यायचं झालं की ते आधी कानाशी नेऊन हलवायचे. आवाजावरून तूर की चणा ते सांगायचे आणि बऱ्याचदा चुकायचे. एकदा त्यांनी मला चहाबरोबर बिस्किटं दिली. मी दोन खाल्ली, जरा कोरडी लागली. घरी जाताना पुडा पाहिला तर त्यावर जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याचं चित्र. ही गोष्ट मी नातेवाइकांत इतक्यांदा सांगितली की ती साडभाऊंची ओळखच होऊन बसली. तेही हसायचे. म्हणायचे, "पन तू भुंकला नाही, म्हंजे माल चांगला होता."

आणि वाचन. स्वतः लेबल वाचायचं नाही, हा त्यांचा नियम. बाजारातल्या दुकानात माल लावायला जवळच्या खेड्यातली एक चाळिशीची बाई होती, तोंडानं फटकळ. तिच्या हातात पाकीट देऊन ते म्हणायचे, "तारीख वाच. जोरानं वाच." एकदा ती वैतागून म्हणाली, "काकाजी, तुमाले वाचता येत नाही का?"

"मले येते. तुले येते का ते पाहून राहिलो."

"मंग पास झाली का मी?"

"अजून किंमत वाचाची आहे."

ती किंमत वाचायची, वर काय काय घातलंय तेही वाचायची, आणि साडभाऊ डोळे मिटून शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे ऐकायचे. मी मागं उभा राहून हसू दाबायचो आणि रात्री पुण्याला कळवायचो, बाबा एकदम मजेत.

खरं कळलं ते बालाघाट रोडच्या त्या थंड दुकानात, काहीही न घडता. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो, हात लांब केला तर खांद्याला लागेल इतका जवळ. ते समोर बघत म्हणाले, "सायेब, कुठं गेला तू?" मला वाटलं, थट्टा. मी गप्प राहिलो. त्यांनी मान न वळवता पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू, "कुठं गेला बा?" आणि त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेली भीती होती. त्या एका वाक्यानं माझे सगळे विनोद उलटे झाले. ट्रॉली ठोकर आधी खायला होती. चकचकीत फरशी आणि पांढरे दिवे त्यांना आंधळं करत होते. जागा बदलली की त्यांचं गावच बदलत होतं. आणि ती दोन बिस्किटं.

परत येताना मागच्या सीटवरून ते आपणहून म्हणाले, "काचबिंदू म्हनते नागपूरचा डॉक्टर. बाजूचं गेलं, समोरचं नळीतून पाहिल्यासारखं आहे. थेंब टाकतो. गेलेलं येत नाही म्हनते." मग म्हणाले, "पुण्याले सांगशील तर माझ्या घरचा चहा बंद."

मी सांगितलं नाही. मुलाला 'मजेत' म्हणत राहिलो. घरी आल्यावर मात्र झोप लागायची नाही. एकटे रस्ता ओलांडतात, गॅस पेटवतात, विहिरीकडे जातात. उद्या काही झालं तर ते कुणाच्या माथी? आणि सांगितलं तर ज्या घरात त्यांच्या हातापायांना प्रत्येक कोपरा पाठ आहे तिथून त्यांना उपटून काढणारा मीच. मला दोन्हीकडून चांगलं राहायचं होतं, आणि तसं राहणाऱ्याला दोन्हीकडे तोंड चुकवावं लागतं, हे मला तेव्हा पुरतं कळलं.

पितृपक्षातली अविधवा नवमी आली. सवाष्ण गेलेल्या बायकांचं पान त्या दिवशी वाढतात. मुलगा पुण्याहून आला होता. त्याच्या आईला चिन्नोरची खीर आवडायची. हा आमच्याकडचा बारीक, सुवासिक तांदूळ. साडभाऊ दर वर्षी तो स्वतः आणत, बाजारातल्या दुकानातल्या उघड्या पिंपातून. त्याची त्यांची एक रीत होती. मूठभर तांदूळ घ्यायचे, तोंडाशी नेऊन त्यावर गरम श्वास सोडायचा आणि मूठ लगेच नाकाशी धरायची. श्वासाच्या उबेनं चिन्नोरचा वास उठतो. तो वास आला की चेहरा असा व्हायचा की कुणीतरी दारातून हाक मारली असावी.

त्या वर्षी त्यांना सर्दी झाली होती. नाक पूर्ण बंद. आणि शेठच्या मुलानं, रिंग रोडवाल्यांचं पाहून, नेमकी त्याच आठवड्यात पिंपं इकडची तिकडं केली होती. साडभाऊ सवयीनं कोपऱ्यातल्या पिंपापाशी गेले, मूठ भरली, श्वास सोडला, हुंगलं, थोडे थांबले आणि मान हलवून तांदूळ पिशवीत भरू लागले. पिंपात उसना होता. उसना म्हणजे धान वाफवून, वाळवून काढलेला पिवळसर तांदूळ. रोजच्या जेवणात आम्ही तो आवडीनं खातो, पण एकदा वाफ लागलेला तांदूळ पितरांच्या पानासाठी कुणी घेत नाही. गोंदियातलं शेंबडं पोरही तो उंबऱ्यावरून ओळखेल. मी शेजारीच उभा होतो. एक शब्द पुरला असता. मी तो बोललो नाही. त्यांचा अपमान होईल म्हणून बोललो नाही, की आता हे आपोआप उघडं पडेल आणि मी सुटेन म्हणून, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. उत्तर दर वेळी वेगळं येतं आणि मला एकावरही विश्वास ठेवता येत नाही.

घरी माझ्या बायकोनं पिशवी ताटात ओतली आणि तिचा हात थांबला. "जीजाजी, हे त उसने आहेत."

मुलानं ताटाकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मी भरले," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

"हा कायले खोटं बोलून राहिला?" साडभाऊ भिंतीला टेकून बसले होते, तिथूनच म्हणाले. "भरले मी. नाक बंद आहे म्हून फसलो. डोळे त कधीचेच गेले." मग बायकोच्या फोटोकडे मान वळवून, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "तुह्या पानावर मी काहीबाही वाढनार होतो पाह्य." आणि मुलाला, "बॅग काढ. माळ्यावर आहे. मले दिसनार नाही."

माझ्या बायकोनं आमच्या घरून तांदूळ आणून खीर केली. छतावर पान ठेवलं तर कावळा ताबडतोब आला. दर वर्षी तासभर वाट पाहायला लावायचा. साडभाऊ म्हणाले, "तिले घाई आहे. पुण्यात मी कसा राहतो ते तिले पाहाचं आहे."

आता ते पुण्याला आहेत. दर रविवारी त्यांचा फोन येतो. पहिल्याच फोनमध्ये मी विचारलं, तिथली दुकानं कशी आहेत. म्हणाले, "इथं कोनी दुकानात जातच नाही. पोरगा मोबाइलवर बोट फिरवते, सामान दारात येते. देनाऱ्याचं तोंडही पाहाले भेटत नाही. अन् सगळं बंद पाकिटात. भिंत हुंगल्यासारखं वाटते." मग विचारतात, रिंग रोडवाल्यांनी साबण कुठं नेला, थंड दुकानाचा एसी कुणी कमी केला का. मला ठाऊक नसलं की चिडतात. म्हणून मी पुन्हा रविवारी तिन्ही दुकानांत जाऊ लागलो. घ्यायचं काही नसतं, पण ट्रॉली घेतो.

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा मी बाजारातल्या दुकानातच होतो. त्या फटकळ बाईनं विचारलं, "काकाजी आहेत का?" आणि मी काही म्हणायच्या आत फोन माझ्या हातातून घेऊन फळीवरचं एक पाकीट उचललं आणि वाचायला लागली. नाव, वजन, तारीख, आत काय काय घातलंय ते. सगळं, न विचारता, मोठ्यानं. पलीकडून आवाज आला, "पास."

तिनं फोन परत दिला. साडभाऊ म्हणाले, "चिन्नोरचं पिंप कुठं आहे आता?"

"जुन्याच जागी आणलं त्यांनी," मी म्हणालो.

"हुंगून पाह्य बरं."

मी मूठ भरली, श्वास सोडला, नाकाशी नेली.

"येते का?"

"येऊन राहिला," मी म्हणालो.

"खरं सांगतो ना?"

मी पुन्हा एकदा श्वास सोडला आणि फोन मुठीजवळ धरला. पलीकडे त्यांनी सावकाश, लांब श्वास ओढल्याचा आवाज आला.