आईने मॉलमध्ये चपला काढल्या

आज दुपारी आईला साडी घ्यायला कुकटपल्लीच्या एका मॉलमध्ये नेलं. आई चौऱ्याहत्तरची, गुडघे दुखतात. दोन मजले फिरलो, पण टेकायला कुठे साधा बाक नाही. बसायचं तर फूड कोर्टात, आणि ते पार वरच्या मजल्यावर.

साडीच्या दुकानात मी रंग बघत होते. मागे वळले, तर आई चपला काढून पुतळ्यांच्या पायाशी, पांढऱ्या चौथऱ्यावर पाय पसरून बसलेली.

तिचा जन्म सुलतान बाजारात साड्या घेण्यात गेला. तिथे आधी चपला काढून गादीवर बसायचं, पाणी प्यायचं, मग साडी बघायची. तिला ही गादीच वाटली.

दुकानातली मुलगी धावत आली. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर ती म्हणाली, "नीचे नक्को अम्मा, घुटने दुखेंगे." काउंटरमागची एकुलती एक खुर्ची तिने आणली, आईला हात धरून बसवलं आणि साड्याही तिथेच आणून दाखवल्या. खूप बरं वाटलं.

निघताना आईने विचारलं, "तू कहाँ बैठती बेटा?"

ती हसली. "ड्यूटी में खडेइच रहना, अम्मा."

घरी येऊन मॉलला मेल लिहिली, की प्रत्येक मजल्यावर पाठ टेकता येईल असे बाक ठेवा. आईला वाचून दाखवली.

"त्या पोरीला बसायला काहीतरी द्या म्हणावं. तेही लिही," ती म्हणाली.

लिहिलं. तुम्हीही तुमच्या जवळच्या मॉलला लिहाल का?