मसाला नको, टाकी उपसते

सत्यभामा माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून आधीच सांगते, मधी बोलू नका.

आमचं गाव तुळजापूरच्या वाटेवर. दोन वर्सामागं धाराशिवला बायकांचं शिबिर झालं, आमी दोघी गेलतो. साहेब म्हणले, "बाईच्या नावानं उद्योगाची नोंदणी करा, सर्टिफिकेट घ्या. सरकारी कामात बायकांचा वाटा राखलेला असतो." लई चांगलं. मग म्हणले, आता धंदा निवडा. आन् काय सुचवावं? पापड, लोणचं, मसाला, शिवण. जळ्ळं मेलं ते! सरकार काय पापड खातंय व्हय? पण सगळ्या बायकांनी माना डोलवल्या आन् मसाला लिहून मोकळ्या झाल्या.

सत्यभामा उठून उभी राहिली. "साहेब, कोणत्या कामाला सरकार माणूस धुंडतंय आन् कुणी फिरकत न्हाय?"

साहेब हसले. "संडासच्या टाक्या उपसायला, बाई. शाळा हायेत, दवाखाने हायेत, जत्रेतले संडास हायेत."

"मग त्येच लिवा," ही म्हणली.

आमचे चुलत सासरे आण्णासाहेब भावकीत मोठे. त्यांच्या कानावर गेल्यावर घरात जे तांडव झालं! "आपल्या घराण्याची सून लोकांचा मैला वाहणार?" ही शांतपणी म्हणली, "आण्णा, वाहणार गाडी. म्या पाईप घालणार, बटण दाबणार." तिचा नवरा, माझा दीर, ढोकीच्या साखर कारखान्यावर कामाला. त्यो एकटा तिच्या पाठीशी राहिला, म्हणून मैला वढून घ्यायची मशीनची गाडी दारात आली.

गाडीवर कामाला लिंबाजी आला. त्याचा बाप उभी हयात टोपल्यानं ह्येच काम करत मेला. पहिल्याच दिवशी लिंबाजीनं सांगितलं, "वैनी, टाकीत उतरणार न्हाय." ही म्हणली, "उतरायचंच असतं तर गाडी कशाला घेतली?"

सर्टिफिकेट आलं, कामंबी मिळाली. आन् गावानं काय केलं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हिला बोलावणं न्हाय. ही धुतलेल्या लुगड्यात चालली तरी बायका नाकाला पदर लावायच्या. आण्णांच्या घरी एकदा पाणी मागितलं, तर तांब्या दिला न्हाय, वरून वंजळीत वतलं. म्या सोता बघितलं. ह्यांच्या पोटातला मैला काय अत्तराचा असतो काय? ही घरी येऊन गाडीचा पाईप धुवाया लागली. म्या मातर भांडी आपटली.

मग आण्णांच्या नातीचं, सृष्टीचं लगीन ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी त्यांची टाकी भरून वर आली. घाण पार मांडवाच्या खांबापातूर. अडला नारायण! आण्णांचा फोन आला, "पोरी, रातच्याला ये. कुणी बघाया नको."

"दिवसा येते आण्णा. आन् आमी दोघंबी पंगतीत जेवून जाणार. म्या आन् लिंबाजी."

"व्हय व्हय," म्हणले. न्हाय म्हणून जात्यात कुठं!

हळदीच्या दिवशी गाडी आली, पाईप टाकीत गेला. टाकी अर्धी उपसून झाली तवर पंगत बसली, तशी मशीन थांबवून दोघं हात धुवाया गेले. सत्यभामा पंगतीत येऊन बसली. म्याच तिच्या पानावर लापशी वाढत व्हते. तिनं घास उचलला आन् इकडंतिकडं बघितलं. लिंबाजी कुठं? तर लिंबाजीची पत्रावळ गोठ्याशी मांडलेली, म्हशीच्या दावणीला लागून.

तिनं घास खाली ठिवला आन् वाढलेल्या पानावरून उठली. लग्नघरात! बायकांनी तोंडावर हात ठिवले. ही सरळ मागं गेली, टाकीतला पाईप वढून काढला आन् गाडीवर गुंडाळाया लागली. झाकण उघडं, वास मांडवात, आन् नवरदेवाकडची माणसं वेशीत आलेली.

आण्णा धोतर सावरत पळत आले. "पोरी, माझी अब्रू जाईल गं!"

"तुमची अब्रू तिकडं गोठ्याशी ठिवलीया, पत्रावळीवर. जावा, सोताच्या हातानं उचलून आना."

आण्णा माझ्याकडं बघाया लागले. म्या लापशीचं पातेलं घेऊन उभी, जागची हलले न्हाय. गेले मग. पत्रावळ उचलून आणली आन् सत्यभामाच्या पानाशेजारी ठिवली. "बस बाबा लिंबाजी," म्हणले.

लिंबाजीनं पत्रावळीकडं बघितलं. तिच्यावर माशा घोंगावत व्हत्या.

"ही न्हाय," त्यो म्हणला. "नवी मांडा."

आण्णांनी नवी मांडली. माझ्या हातातला चमचा घेऊन लापशीबी त्यांनीच वाढली. सत्यभामा परत पानावर बसली. लिंबाजी मांडी घालून बसला आन् सावकाश जेवला. लई सावकाश. तवर टाकी उघडीच व्हती.