चिमाचं दूध

आमच्या वाडीत बायका अजून म्हणतात, धाकूच्या चिमाचं दूध विखारी होतं. परवा विहिरीवर एक नवी सून, अंगाची हळद अजून उतरली नाही, तीसुद्धा मला हेच सांगायला लागली. मला, मथुराला. म्हटलं, बाय माझे, ते झालं तेव्हा तू जन्मली नव्हतीस आणि मी तिथे उभी होते. कळशी भर आणि घरी जा.

खोटं आहे ते. आणि ते खोटं वाडीभर खरं कसं होऊन बसलं, हे आता चिमाला आणि मलाच ठाऊक आहे. धाकू गेल्या शिमग्यात मंगळूरला तापाने गेला. तो होता तोवर मी बोलले नाही, चिमाने मला शपथ घातली होती. ती शपथ तो असेपर्यंतचीच होती असं मी धरते. देव काय धरायचं ते धरो.

चिमा हर्ण्याची. धाकूचं गलबत एकदा वाऱ्यावाचून हर्ण्याला अडकून पडलं, तिथे कुणाच्या तरी ओळखीने सोयरीक ठरली आणि ती इथे नाट्याला आली. आमची घरं कुडाला कूड लागून, त्यामुळे आली त्या दिवसापासून ती माझीच. माझ्या जिभेला हाड नाही आणि तिच्या तोंडाला कुलूप, असं आमचं छान जमलं. वयाने लहान म्हणून मला वैनी म्हणायची.

धाकू खलाशी. नारळी पुनव झाली की गलबतावर चढायचा, मंगळुरी कौलं मुंबईला पोचवायची, आणि पावसाच्या आधी, वैशाख सरता सरता घरी. जयंती आणि तुकाराम या आगबोटी बुडाल्या ना, त्याच्या नंतरच्या माघात चिमाला मुलगा झाला. बाप दर्यावर. नाव ठेवलं हरिश्चंद्र. नाव केवढं आणि अंगावर मांस मूठभर, अशी मी चेष्टा करायची. थोडे दिवस ती खपली. मग मीच बंद केली.

पोर दूध उलटायचं. आता गुळणी कुठलं मूल काढत नाही? माझा बाळा तेव्हा रांगता होता, तोही काढायचा आणि वर हसायचा. हरीचं तसं नव्हतं. हावरटासारखा प्यायचा, आणि खाली निजवला की पाठीची कमान करून किंचाळायचा. मग तोंडातून, नाकातून, प्यालेलं सगळं बाहेर, फाटलेलं, आंबूस. चिमाच्या पदराला आणि केसांना सदा तोच वास. पुन्हा भूक, पुन्हा रडणं, पुन्हा पाजणं. मूल वाढतं तसा आई त्याच्या कमरेचा करगोटा कौतुकाने सैल करत जाते. हरीचा करगोटा ढुंगणावरून खाली घसरायला लागला. चिमाने गाठ मारून तो आवळला आणि माझ्याकडे बघितलं.  

चिमाची सासू गंगुबाई, आमची गंगूकाकी, वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही तिला शिव्या द्याल. तिची बाकीची मुलं गेली होती आणि एकटा धाकू वाचला होता. "तो येऊन म्हणेल, आये, माझा मुलगा दाखव. मी काय चिपाड दाखवू त्याला?" असं पुटपुटत ती दिवसभर घरात फिरायची. दृष्ट काढून झाली, वेखंड उगाळून झालं, गुरवाचा अंगारा लावून झाला. शेवटी फाल्गुनात एका सकाळी तिने चिमाला अंगणात बसवलं, करवंटीत दूध पिळायला लावलं आणि त्यात एक काळी मुंगी सोडली. ही आमच्याकडची जुनी पारख. मुंगी चालत कडेला आली तर आईचं दूध गोड, मेली तर विखारी.

मुंगीने थोडे पाय झाडले आणि मेली. जमलेल्या बायका "अगो बाय" म्हणत मागे सरल्या.

सगळ्यात वाईट काय, तर चिमाला ते पटलं. गंगूकाकीने मोगऱ्याच्या कळ्या आणून तिच्या छातीवर फडक्याने करकचून बांधल्या, दूध आटवायला. छाती दगडासारखी झाली, ताप चढला, तरी तिने फडकं सैल केलं नाही. मी म्हटलं, "चिमे, सोड ते फडकं." म्हणाली, "नको वैनी. इतके दिस मी त्याला विख पाजलं." हरीला उचलायच्या आधी हात धुवायची. आपल्याच पोराला शिवायला भ्यायची. मला इतका राग यायचा, पण तो कुणावर काढू ते कळायचं नाही.

मग शेळीचं दूध, पाणी घालून, बोंडल्याच्या चोचीने. तेही उलटलं, वर जुलाब लागले. आगीतून फुफाट्यात. मांड्यांची कातडी लोंबायला लागली. डोळे तेवढे मोठे, म्हाताऱ्यासारखा टक लावून बघायचा. एक दिवस गंगूकाकी माझ्या दारात आली. कधी कुणाकडे चिमूटभर मीठ मागायला न गेलेली बाई, पदर पसरून म्हणाली, "मथुरे, तुझ्या अंगावरचं पाज त्याला. तुझा बाळा बघ कसा भोपळा झालाय."

पाजलं. तुटून पडला पोर. आणि मांडीवर आडवा घेतला तशी तीच कमान, तीच किंकाळी, आणि सगळं माझ्या लुगड्यावर.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, आणा ती करवंटी. चारचौघींच्या देखत माझं दूध पिळलं, मुंगी पकडली आणि टाकली. मेली. मरणारच. दुधात पडलेली मुंगी पोहायला ती काय खारव्याच्या पोटी जन्मली होती? मी बाळाला उचलून गंगूकाकीच्या पुढ्यात आपटल्यासारखा बसवला. "हे घे काकी, विखावर वाढलेलं पोर. मोज त्याच्या मांडीच्या वळ्या."  गंगूकाकी कपाळाला हात लावून "मी काय केलं गो, मी काय केलं" एवढंच म्हणत राहिली.

चिमा आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली ती फडकं सोडतच. हरीला माझ्या मांडीवरून घेतलं आणि छातीला लावलं. पोर ओढत राहिलं, ओढत राहिलं, मग रडायला लागलं. काही उरलं नव्हतं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

तेव्हापासून हरी माझ्या दुधावर. उलटणं चालूच होतं, पण एक गोष्ट आम्हाला सापडली, तीही काही शहाणपणाने नाही. वाळत टाकलेली सुकट पालथी करायची होती आणि पोराला ठेवायला जागा नव्हती, म्हणून चिमाने त्याला पाजून झाल्यावर तसाच खांद्यावर उभा धरला आणि एका हाताने काम उरकलं. काम संपलं तरी दूध पोटातच. घरी येऊन आडवा केला, उलटला. मग आम्ही थोडं थोडं पाजायला लागलो, परत परत, आणि पाजलं की उभा. चिमा त्याला खांद्यावर घेऊन भात शिजवायची, भांडी घासायची, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लावायची. ती विहिरीवर गेली की गंगूकाकी धरायची. खाली ठेवायचा नाही म्हणजे नाही. लाळेने आणि दुधाने चिमाच्या खांद्याची कातडी सोलवटून निघाली होती.

आणि पोर अंग धरायला लागलं. मान सावरली. गालावर जरा तुकतुकी आली. वैशाखात एकदा चिमाने मला हाक मारून करगोटा दाखवला. रुतला होता. तो सैल करताना ती हसली. तिने दुसरीही गोष्ट दाखवली, चोळी पुढे धरून. पोराला रोज छातीला लावून लावून थेंबभर दूध परत आलं होतं. "वैनी, आता तुमचा त्रास वाचंल," म्हणाली. मी तिला वेडीच म्हटलं, पण मला रडू आलं.

धाकूचं गलबत त्या साली लवकर परतलं. कुणाला कल्पना नाही. मी नुकतंच हरीला पाजून गंगूकाकीकडे दिलं होतं आणि माझ्या चुलीकडे वळले होते. चिमा विहिरीवर. धाकू पिशवी घेऊन दारात उभा राहिला तशी गंगूकाकीला काय करू नि काय नको झालं. नातू त्याच्या हातात ठेवला आणि लेकाच्या आंघोळीचं पाणी ठेवायला परसात धावली. सांगायचं राहिलं. आनंदात कुणाला आठवतं?

बापाने आपला मुलगा पहिल्यांदा बघितला. पडवीत चटई होती, तिच्यावर तो आडवा झाला, पोराला शेजारी निजवलं आणि थोपटायला लागला. पोर कुरकुरलं, त्याने आणखी थोपटलं. पोर गप झालं.

धाकूचा आवाज ऐकला म्हणून मी आले. समोरून चिमा डोक्यावर हंडा घेऊन येत होती. धाकूने ओठांवर बोट ठेवलं, चेहरा कसा फुलून आलेला. "हळू," म्हणाला, "आताच निजलाय."

चिमाने हंडा उतरवला नाही, सोडून दिला. पोराला उचललं. ओठ निळे, नाकातोंडात दूध. पालथा घातला, पाठ चोळली, मी बोट घालून घसा साफ केला. नाही झालं काही. होणार नव्हतं.

धाकू उभा होता, दोन्ही हात पुढे धरून. "मी नुसतं थोपटलं गो," म्हणत होता. "रडत होता, मी नुसतं थोपटलं." गंगूकाकी परसातून धावत आली. तिला एका नजरेत कळलं. "अरे धाक्या, त्याला आडवा..." एवढं तिच्या तोंडातून निघालं आणि चिमाने तिला अडवलं. सासूला कधी उलट शब्द न बोललेली चिमा.

"आये, गप ऱ्हावा," म्हणाली. मग धाकूकडे वळली. "तुमचं काय नाय. माझं दूध विखारी हाय. आयेंनी मुंगी टाकून बघितलेलं, पाजू नको म्हणून सांगितलेलं. मी चोरून पाजलं. त्यानं गेला."

मी तोंड उघडलं होतं. तिने माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. दुसऱ्या दिवशी गळ्याची शपथ घातली. "वैनी, त्यांना दर्यावर जायचंय. आपल्या हातानं झालं असं कळलं तर तो माणूस परत किनाऱ्याला लागायचा नाय." खरंच होतं ते. धाकू तसाच होता. गंगूकाकीही पुढे मरेपर्यंत त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

वाडीने ते लगेच उचललं. माझी मुंगी कुणाच्या लक्षात राहिली नाही, चिमाची राहिली. आणि धाकूने तिला माफ केलं. कधी हात उचलला नाही, कधी टोमणा मारला नाही, उलट "जाऊ दे चिमे, तू तरी काय करशील" म्हणायचा. त्याची ती माया बघून माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची.

पुढे तिला विमला झाली. ठणठणीत पोर, रडली तर वाडी जागी करील. धाकू तेव्हा घरीच होता. त्याने स्वतः तिला फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणलं. माझी धाकटी अंगावर पीत होती. म्हणाला, "वैनी, तुम्ही पाजा. चिमाला परत त्यातून जायला नको." मी चिमाला बाजूला घेऊन म्हटलं, आता तरी सांग त्याला. तिने मानेनेच नाही म्हटलं.

विमला माझ्या मांडीवर प्यायची तेव्हा चिमा समोर बसायची. पोर भुकेने रडलं की तिची चोळी भिजायची. मग ती उठून मागच्या दारी जायची आणि माडाच्या मुळाशी दूध पिळून टाकायची. परत येऊन मला विचारायची, "भरलं काय गो पोट तिचं?" मी हो म्हणायची.