वाजतंय का, आपा?

भोकरदनच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा पावसाची झड लागलेली होती. बाजारात मेथीची काडी दिसत नव्हती. मधल्या सुट्टीत गणिताच्या शेखबाईंनी डबा उघडला आणि शिक्षकांच्या खोलीत मेथीच्या भाजीचा वास दरवळला. बाहेर चिखल होता, डोक्यावर पत्रे वाजत होते, आणि मला मात्र हिवाळ्यातलं कोवळं ऊन अंगावर आल्यासारखं वाटलं.

"ही मेथी कुठली हो?" मी विचारलं.

"हिवाळ्यातली. सावलीत निजवून ठेवली होती. घे, जल्दी घे, हे लोक ठेवायचे न्हाईत."

त्या दिवसापासून त्या माझ्या रझिया आपा झाल्या. आज त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

आपांच्या घरामागे छोटी परसबाग आहे. घरात माणसं मोजकी आणि भाजी येते ती सगळी एकदमच. आपा शेजारीपाजारी वाटतात आणि उरलेलं त्याच दिवशी हातावेगळं करतात. गवार मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून, निथळून, शेंगेवर शेंग न चढू देता गच्चीवरच्या बाजेवर पसरायची. टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून कडक उन्हात ठेवायचं. पालेभाजीला मात्र ऊन दाखवायचं नाही, तिचा रंग उडतो. इतकं करूनही त्यांचं समाधान होत नाही. सुकलेलं काचेच्या बरणीत अर्धवट भरून त्या रोज ती कानाशी हलवतात. खुळखुळ वाजलं आणि काचेवर दमटपणा दिसला नाही, तरच घट्ट झाकण. नाहीतर सगळं पुन्हा गच्चीवर.

मी मुलखाची उतावळी. "आपा, झालं की आता!" म्हणायची.

"बरणीला बोलू दे आधी. मंग आपण बोलू."

माझी आई संभाजीनगरच्या दवाखान्यात होती, तेव्हा तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. आपा एसटीने आल्या. पिशवीत सुकवलेली गवार होती. माझ्या बहिणीच्या खोलीवर त्यांनी स्वतः ती शिजवली. मेंढरांमागे रानोमाळ फिरलेली माझी आई, तिने दोन घास खाल्ले नि म्हणाली, "आता घरचं लागून राह्यलं." मी जिन्यात जाऊन रडले. आपा मागून आल्या, पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ते मी जन्मभर विसरणार नाही.

गेल्या हिवाळ्याआधी त्यांच्या घराच्या दक्षिणेला शेजारच्या मंगलताईंनी आपल्या घरावर दोन मजले चढवले. हिवाळ्यात सूर्य त्याच बाजूने कलून जातो. ऐन भाजीच्या दिवसांत आपांच्या गच्चीवर सावली पडली, उन्हाची एक पट्टी तेवढी उरली. माझं डोकंच फिरलं. मी भांडायला निघाले, तर आपांनी माझा हात धरला. "त्यांनी त्यांच्या जागेत बांधलंय. लेकरांचं घर आहे ते." मग हळूच म्हणाल्या, "पुढच्या साली वाफे मोडून टाकते. सुकवायलाच जागा न्हाई, तर लावून काय करू?"

आपांच्या तोंडी मोडायची भाषा मी पहिल्यांदाच ऐकली.

तरी सवय कुठे सुटते? दुखऱ्या गुडघ्यांनी आपा त्या पट्टीमागे बाज ओढत राहिल्या, सकाळी या कठड्याशी, दुपारी त्या कठड्याशी. एके दिवशी मंगलताई वर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी खाली पाहिलं आणि हातातला पिळा तसाच राहिला.

"अगं बाई! आपा, हे आमच्यामुळं? बोलायचं तरी!"

"तुमची गच्ची उंच, माझे गुडघे बेकार. बोलून काय करू?"

मंगलताई आत गेल्या आणि दोरी बांधलेली टोपली घेऊन आल्या. टोपली हलत हलत खाली उतरली.

तेव्हापासून सकाळी भाजी वर जाते, संध्याकाळी सुकून खाली येते. मी आपांकडे चहाला बसलेली असते. मावळतीच्या केशरी उजेडात ती टोपली तरंगत येताना पाहिली की मला भान राहत नाही. आपा चार तुकडे बरणीत टाकून कानाशी हलवतात. वरून हाक येते, "वाजतंय का, आपा?"

"अजून न्हाई!"

आणि दोघी हसतात.

वाफे मोडले नाहीत. उलट परवा गेले, तर आपा मोडायच्या वाफ्यात लिंबाचं रोप लावत होत्या. मी म्हटलं, "आपा, याला फळ कधी धरायचं?"

"धरंल की तीन-चार वर्षांनी. मंग लोणचं घालायचं, ते मुरायला आणखी एक वर्ष. तुला काय घाई आहे?"

नाही आपा, बिलकुल घाई नाही. तुमचे गुडघे बरे राहोत, कान असेच तिखट राहोत. ते लोणचं तुम्हीच घालायचं, बरणीच्या तोंडाला फडकं तुम्हीच बांधायचं आणि मुरल्यावर पहिली फोड माझ्या ताटात तुम्हीच वाढायची. मी वाट बघते.