हातोडी आयका

आमच्या लोहाराच्या घरी चूल पेटणार की नाही, हे भात्यावरून कळायचं. भाता चालू असला की समजायचं, कोणीतरी वखराची पास नाहीतर विळा धार लावायला घेऊन आलंय. मग गावात ट्रॅक्टर आले, उंद्रीच्या बाजारात कारखान्यातले विळे आले, आणि भाता आठ-आठ दिवस गप्प राहू लागला. मी बारावीत असताना बाबा गेले.

बाबा होते तोवर ते सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसायचे, हातात छोटी हातोडी. समोर उभी राहून माय घण मारायची. ते गेल्यावर माय त्यांच्या जागेवर बसली आणि घण माझ्याकडे आला. ऐरणीपाशी बाईमाणूस बसलेलं पाहून पारावरची माणसं हसली. माय म्हणाली, हसू दे, विळे त्यायचेच बोथट राहतील.

घण मारता मारता मी बी.ए. झाले. घरातली पहिली. नातेवाइकांचं म्हणणं, आता पोरीनं हात काळे करू नये, स्पर्धा परीक्षा द्यावी. मी नाही दिली. मला लोखंडात कपाशीचं बोंड घडवायचं होतं, चार पाकळ्या उघडून फुटलेलं. कितीतरी बोंडं तुटली, मग एक जमलं. त्याचा दिवा केला. पाहणाऱ्यांनी आणखी मागितले.

ते दिवे पाहूनच तालुक्याच्या कॉलेजनं महिनाभर वर्ग घ्यायला बोलावलं. आम्ही दोघी गेलो तर दारावर बॅनर. प्रशिक्षिका म्हणून माझं नाव, पुढे बी.ए. खाली बारीक अक्षरात मायचं. मदतनीस.

वर्ग सांभाळणाऱ्या सरांना मी म्हटलं, हे बदला. त्यांनी शांतपणे समजावलं की प्रशिक्षकाला पदवी लागते आणि माय चौथीपर्यंतच शिकलेली.

"मग माझंही नाव खोडा, सर. मला हे कॉलेजनं नाही शिकवलं, हिनं शिकवलं."

सर म्हणाले, आजचा दिवस होऊ द्या, मग बघू.

माय ऐरणीपाशी बसली. समोर एक धिप्पाड विद्यार्थी घण घेऊन उभा राहिला. मायनं तापलेल्या सळईवर हातोडी टेकवली. त्यानं सगळा जोर लावून घण भलतीकडेच आदळला. पुन्हा तेच. लोखंड निवून काळं पडलं तरी हा मारतोच आहे. शेवटी तो वैतागला.

"मावशी, काही सांगाल तर कळंल ना."

"मी केव्हाची सांगून राह्यली, बापा," माय म्हणाली. "हातोडी आयका ना."

चूक माझीच होती. हातोडी पडेल तिथंच घण, ती हळू पडली तर घणही हळू, आणि ती नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. आमच्या घरी हे कोणी कोणाला तोंडानं सांगितलेलंच नाही, म्हणून सांगावं लागतं हेच मला सुचलं नव्हतं. मी ते सांगितलं आणि वर्ग कान देऊन उभा राहिला.

दुपारी सरांनी बाह्या वर केल्या आणि स्वतः घण उचलला. माय दाखवेल तिथं मारत गेले. सळईचं टोक चपटं होऊ लागलं तसा त्यांना हुरूप चढला. मायनं ऐरण वाजवली, तरी त्यांनी आणखी एक हाणलाच.

"थांबा म्हटलं की थांबाचं, सर," माय म्हणाली. पोरंपोरी खो-खो हसली. सरही हसले.

संध्याकाळी त्यांनी बॅनर उतरवलं.

आज त्या कॉलेजच्या ग्रंथालयाला आमच्या पहिल्या वर्गानं घडवलेलं फाटक आहे, लोखंडी बोंडांचं. त्याच्या पट्टीवर शिक्षिका म्हणून दोन नावं कोरली आहेत. पहिलं मायचं आहे.