निफाडला नेलेली बाटली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवाला तर नाहीच — त्याने सगळं पाहिलं आणि गप्प बसला, त्याला काय सांगायचं?

माझी मंगल. साखरपुडा झाला होता तिचा. घसा धरला, ताप आला, उतरला. मग सकाळी उठली की डोळ्यांखाली फुगलेली, चपलेचे पट्टे पायात रुतलेले. शेजारच्या बाया म्हणाल्या, "नवरीनं आत्तापासूनच अंग धरलं की." मी हसले. असल्या बायांच्या अकलेवर मी घर चालवलं.

लघवी थोडीच व्हायची, कोऱ्या चहासारखी. "आई, हे बरं नाय," ती म्हणाली. मी म्हटलं, "उन्हाचं असंल. पाणी पी."

शेवटी नेली. निफाडच्या डॉक्टरांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेना. बीपी वाढलेलं, एवढ्याशा पोरीचं. किडनीला सूज असावी म्हणाले. उद्या सकाळची पहिली लघवी आणा, तपासली की कळेल.

बाटली घेऊन मी एकटीच गेले. लघवी तपासणारा माणूस मंगलच्या होणाऱ्या सासरच्या गावचा. पोरीत खोट आहे असं तिकडे कळलं तर? लग्न मोडलं तर? — पोर मोडेल, हे डोक्यातही आलं नाही. एवढी माझी अक्कल.

एसटी स्टँडच्या संडासात मी ती बाटली ओतली. धुतली. आणि माझी लघवी भरली.

रिपोर्ट साफ आला. डॉक्टरांना पटेना. पुन्हा आणा म्हणाले, मुलीलाही आणा. मी गेले नाही. पुढे सूज आपली आपण उतरली, आणि मी स्वतःला शहाणी समजले.

लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. नाशिकच्या डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी अंग सुजलं होतं का? मंगल म्हणाली, "सुजलं होतं. पण आईनं तपासून आणलं होतं, काही निघालं नाही." मी शेजारी उभी होते — मान डोलावली.

ती गेली तेव्हा सगळ्यांदेखत मी विहिणीला बोलले, राबवून मारली माझी पोर. ती भोळी बाई. "आमचंच काही चुकलं असंल," म्हणाली.

आमच्याकडे मुलीकडच्यांनी वाकायचं असतं. तरी दर दिवाळीला विहीण येते, माझ्या पाया पडते. मी पडू देते.